मूत्रपिंडविकार सेवा : डायलिसिसच्या खुर्चीअलीकडे आणि पलीकडे

प्रतिवर्षी या अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसमवेत रुग्णालयाच्या एखाद्या विभागाची सविस्तर माहिती देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा डायलिसिस विभागाची निवड केली आहे. आमच्या देणगीदारांकडून सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न याच विभागाविषयी असतो. "डायलिसिस आता शासकीय योजनेतून मोफत होते, मग ट्रस्टच्या रुग्णालयाला देणगीची गरज कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ आभारप्रदर्शनाने देणे योग्य ठरणार नाही, म्हणून ते हिशेबाने देण्याचा येथे प्रयत्न केला आहे. प्रशासन विभागातील आम्ही मंडळी वाणिज्य शाखेची. वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांकडून तपासून घेतला आहे; हिशेबाची जबाबदारी मात्र आमची.

रोगाची चाहूल उशिरा का लागते?

आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातील बहुतांश पाणी व उपयुक्त क्षार शरीर परत घेते आणि केवळ दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर जाते. या व्यवस्थेत निसर्गाने इतकी राखीव शक्ती ठेवली आहे, की निम्मे काम बंद पडले तरी माणसाला काहीही जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडाही बराच काळ सामान्य मर्यादेत राहू शकतो. पायावर सूज, उलट्या, धाप, अंगाला खाज ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा फार थोडी शक्ती शिल्लक असते. गाळण्याची क्षमता मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेली की डॉक्टर त्यास पाचवा, म्हणजे अखेरचा टप्पा मानतात. यानंतर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा विचार करावा लागतो.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या विकाराची सर्वांत मोठी कारणे आहेत. त्याखेरीज मूतखडा, मूत्रमार्गातील अडथळा, मूत्रपिंडाचा दाह आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हीही कारणे आढळतात. दिवसभर वाकून निंदण किंवा वेचणी करणाऱ्या स्त्री-पुरुषांना कंबरदुखी नित्याचीच. त्यावर किराणा दुकानातूनही मिळणारी गोळी वर्षानुवर्षे घेतली जाते. ती घेणाऱ्याला आपण औषध घेत आहोत असेही वाटत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर उत्तर "काही घेत नाही" असेच येते.

खारपाणपट्ट्याचा प्रश्न

आमचे रुग्णालय ज्या परिसरात आहे, त्यास पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील अनेक तालुक्यांत तो पसरला आहे. येथील भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असून विहीर वा हातपंपाचे पाणी पिण्यास योग्य नसते. संग्रामपूर, जळगाव जामोद व लगतच्या तालुक्यांतील मूत्रपिंडविकाराची चर्चा विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत अनेक वर्षे होत आली आहे. वान प्रकल्पाचे पाणी नळयोजनांद्वारे बऱ्याच गावांत पोहोचले, ही समाधानाची बाब आहे. खारे पाणी हेच येथील विकाराचे एकमेव कारण आहे असे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. उन्हातील कष्ट, अपुरे पाणी पिणे, वेदनाशामके, निदान न झालेला रक्तदाब अशी अनेक कारणे एकत्र येत असावीत, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे. कारण कोणतेही असो, रुग्ण आमच्या दारी येतो तेव्हा त्याला उपचार हवा असतो.

या पाण्याचा आणखी एक भार आमच्यावर पडतो. डायलिसिसच्या यंत्रातून दर मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो; चार तासांच्या एका डायलिसिसला त्यामुळे सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. रुग्णाचे रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो, म्हणून पिण्याच्या पाण्याची शुद्धता येथे पुरेशी नसते. टाकीत कूपनलिकेचे पाणी घ्यावे लागले की आमच्या शुद्धीकरण संयंत्राचे पडदे लवकर निकामी होतात. ज्या पाण्याबद्दल गावाची तक्रार आहे, तेच पाणी प्रथम शुद्ध करून मग गावच्या रुग्णावर उपचार करावा लागतो. संयंत्राच्या देखभालीची रक्कम खर्चपत्रकात दरवर्षी वाढताना दिसते, तिचे हे कारण आहे.

शासकीय योजनांतून काय मिळते?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती जिल्हा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यासह १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही पुढे तिचा लाभ देण्यात आला. प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाख रुपयांची मर्यादा जुलै २०२४ पासून पाच लाख झाली. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. केंद्र शासनाने २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू लागले.

या योजनांचे मोल आम्ही जाणतो. त्यापूर्वीचे दिवस आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी पाहिले आहेत. दोन-चार डायलिसिस होईतो घरातील दागिने जात, पुढच्या महिन्यात बैलजोडी जाई आणि नंतर रुग्णच येईनासा होई. आज केवळ फी नाही म्हणून कोणी परत जात नाही. धर्मादाय रुग्णालय या नात्याने आमच्यावरही कायदेशीर दायित्व आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात, तसेच देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. योजनेत न बसणारी इंजेक्शने, तपासण्या आणि हातावरील रक्तवाहिनी जोडणीची शस्त्रक्रिया यांसाठी हा निधी आम्ही प्राधान्याने वापरतो.

खुर्चीचा हिशेब

मग उणीव कोठे राहते? यासाठी एका खुर्चीचा हिशेब पाहू.

अखेरच्या टप्प्यातील रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तासांचे डायलिसिस द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे वर्षाला १५६ वेळा. आपल्याकडे सर्रास दोनदा दिले जाते. ते १०४ वेळा होते. एक खुर्ची दोन पाळ्यांत, आठवड्याचे सहा दिवस चालविली तर १२ फेऱ्या होतात. तीनदा द्यायचे तर चार रुग्णांना पुरतात. दोनदा द्यायचे तर सहा रुग्णांना. दारात सहा जण उभे असताना दोघांना परत पाठविणे कोणाला जमेल? आम्हांलाही जमले नाही. आम्ही सहाही जणांना घेतले आणि प्रत्येकाला दोनदाच दिले. त्यावेळी तो निर्णय आम्हांस दयेचा वाटला. त्याची किंमत पुढे कळली.

तिसरी पाळी सुरू केली तर त्याच खुर्चीवर १८ फेऱ्या होतात आणि तेच सहा रुग्ण आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेऊ शकतात. नवे यंत्र घ्यावे लागत नाही. तंत्रज्ञ, परिचारिका, वीज आणि पाणी मात्र वाढते. कागदावर हे उत्तर सरळ आहे. परंतु तिसरी पाळी रात्री दहाला संपते आणि त्या वेळी खेड्याकडे जाणारी एकही एस.टी. नसते. एस.टी. महामंडळाने डायलिसिस रुग्णांना प्रवास सवलत दिली आहे. पण गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग काय?

गैरहजेरीचा रकाना

येथे आमची एक चूक सांगणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी एका शेतमजूर रुग्णाचे डायलिसिस मंगळवार व शुक्रवार असे ठरलेले होते. गाव रुग्णालयापासून दूर. पहाटे मुक्कामी गाडीने निघे, संध्याकाळी परते. त्या दोन दिवसांची मजुरी बुडे. सोबत पत्नी येई, तिचीही बुडे. जुलैतील एका शुक्रवारी नाल्याला पूर आला, गाडी गावातून निघालीच नाही. आमच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे "गैरहजर" अशी नोंद झाली आणि रिकामी फेरी प्रतीक्षायादीतील दुसऱ्याला देण्यात आली. नियमानुसार सर्व बरोबर होते. मंगळवारीही तो आला नाही. पुन्हा "गैरहजर". गुरुवारी त्याच्याच गावचा दुसरा रुग्ण आला, तेव्हा समजले की सोमवारी रात्री धाप लागून तो गेला.

त्याच्या खात्यावर एक रुपयाही बाकी नव्हता. प्रत्येक डायलिसिसचा दावा मंजूर झाला होता. आमच्या पत्रकांत या विभागाचे काम त्या महिन्यात शंभर टक्के दिसत होते, कारण एकही फेरी वाया गेली नव्हती.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणाऱ्याची एक फेरी चुकली की मधले अंतर सात दिवसांचे होते. शरीरात पाणी साठते, फुप्फुसांवर ताण येतो. पोटॅशियम वाढले तर हृदयाची गती कोणत्याही क्षणी बिघडू शकते. तीनदा घेणाऱ्यालाही एक फेरी चुकणे धोक्याचेच, परंतु पुढची फेरी तुलनेने लवकर येते. दोनदाच देण्याच्या आमच्या निर्णयाची किंमत म्हणतो ती ही. आणि अनुपस्थिती म्हणजे रिकामी खुर्ची नव्हे, धोक्यातील माणूस, हे आमच्या नोंदवहीला ठाऊक नव्हते.

त्यानंतर आम्ही काही बदल केले. ठरलेल्या वेळी रुग्ण आला नाही तर तासाभरात त्याच्या घरी दूरध्वनी केला जातो. संपर्क न झाल्यास गावच्या आशा सेविकेला कळविले जाते. प्रकृती बिघडलेली असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यास सांगितले जाते. एक खुर्ची चुकलेल्या रुग्णांसाठी राखीव ठेवली जाते. ती कधी रिकामी राहिली तरी चालते. पाळ्यांची फेररचनाही केली. सकाळी आठ ते बारा आणि दुपारी एक ते पाच या पाळ्या खेड्यांतील रुग्णांना, तर सायंकाळी सहा ते दहाची पाळी शहरातील रुग्णांना दिली जाते. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावांतील रुग्ण व सोबतच्या व्यक्तीसाठी आवारातील जुन्या धर्मशाळेच्या दोन खोल्या राखून ठेवल्या आहेत. सकाळच्या पाळीनंतर रुग्णाला वरण-भात-पोळीचे, मिठाचे प्रमाण बेताचे असलेले जेवण दिले जाते. यांपैकी एकाही गोष्टीचा समावेश कोणत्याही योजनेच्या दरपत्रकात नाही. प्रारंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

खुर्चीपलीकडे : विभागीय साखळी

डायलिसिस हा कायमचा आधार असला तरी तो मूत्रपिंडाचे सर्व काम करीत नाही. योग्य रुग्णासाठी प्रत्यारोपण अधिक चांगले. ते आमच्या रुग्णालयात होत नाही आणि व्हावे असा आमचा आग्रहही नाही. अमरावती येथील शासनाच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया होतात. नागपुरातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात ही सोय आहे. आमचे काम रुग्णाला तेथपर्यंत तयार करून पाठविण्याचे आणि परत आल्यावर सांभाळण्याचे.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला. त्यानुसार जवळचा नातेवाईक अवयव देऊ शकतो. २०११ च्या सुधारणेनंतर आजी-आजोबा व नातवंडे यांचाही त्यांत समावेश झाला. घरात दाता नसेल तर मेंदुमृत व्यक्तीच्या अवयवदानासाठी प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते. विदर्भासाठी हे काम नागपूरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती पाहते. कागदपत्रांची संख्या पाहून बरीच कुटुंबे अर्ध्यावरच थांबतात. शिधापत्रिका, आधार, नात्याचे पुरावे, तपासणी अहवाल यांची जुळवाजुळव करून देण्यासाठी आमचा समाजसेवा अधीक्षक आठवड्यातील एक दिवस राखून ठेवतो. आणखी एक गोष्ट तो आवर्जून सांगतो, तीही येथे नमूद करतो. दाता म्हणून आई व पत्नी चटकन पुढे येतात. भाऊ, वडील, पती मागे राहतात. तपासणीपूर्वी स्त्रीशी स्वतंत्रपणे बोलून तिची खरी इच्छा जाणून घ्यावी, असा दंडक आम्ही घातला आहे.

प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. "आता बरे वाटते" म्हणून त्या बंद केल्यास शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते. त्यामुळे प्रत्यारोपित रुग्णाचे नाव आम्ही आमच्या नोंदवहीतून कधीच कमी करीत नाही.

खुर्चीअलीकडे : वेळीच तपासणी

या विभागातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम शेवटी सांगतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याचा कार्यक्रम प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रांमार्फत चालतो. आशा सेविका घरोघरी जाऊन माहिती भरतात. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांची वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन ही तपासणी व्हावयास हवी. लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागणे ही या विकाराची फार लवकर मिळणारी सूचना आहे. त्यावेळी रक्तदाब नियंत्रणात आणला, साखर सांभाळली, योग्य औषधे दिली आणि वेदनाशामके बंद केली तर मूत्रपिंडांची घसरण बरीच वर्षे लांबविता येते. डापाग्लिफ्लोझिनसारखे औषध, जे पूर्वी महाग होते, ते २०२० साली स्वामित्व हक्काची मुदत संपल्यापासून भारतात अनेक कंपन्यांकडून स्वस्तात मिळू लागले आहे. अर्थात ते कोणाला द्यावे, हे डॉक्टरच ठरवितात.

लवकर निदानाचा दुसरा लाभ असा, की डायलिसिस अटळ असले तरी त्याची तयारी करता येते. हातावरील धमनी व शीर जोडण्याची लहान शस्त्रक्रिया आधी केली तर ती वापरण्याजोगी होण्यास काही आठवडे मिळतात. अत्यवस्थ होऊन येणाऱ्याच्या मानेतील शिरेत तातडीने नळी घालावी लागते आणि तिच्यावाटे जंतुसंसर्गाचा धोका बराच वाढतो.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खारपाणपट्ट्यातील एका गावी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहकार्याने, आमचे पथक जाते. रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन या तीनच तपासण्या केल्या जातात. डायलिसिस रुग्णाचे भाऊ-बहीण व मुले यांना प्रथम बोलावले जाते. दोष आढळलेल्या व्यक्तीचे नाव आरोग्य केंद्राला कळवून औषधे तेथूनच मिळतील अशी व्यवस्था केली जाते, जेणेकरून त्याला दर महिन्याला आमच्याकडे खेटे घालावे लागू नयेत. घरगुती सल्लाही दिला जातो. लोणचे, पापड, ठेचा यांतील मीठ आवरावे. ज्यांना पोटॅशियमची मर्यादा सांगितली आहे त्यांनी संत्री, केळी आणि नारळपाणी जपून घ्यावे. "कमी सोडियमचे" मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते. आमच्या अंजनगाव-अचलपूरकडच्या रुग्णांना संत्र्यापासून दूर ठेवणे किती अवघड आहे, हे आहारतज्ज्ञ भगिनीच जाणे!

या तपासणीतून रुग्णालयाला उत्पन्न नाही. किंबहुना ती यशस्वी झाली तर भविष्यात आमच्या खुर्चीवर येणाऱ्यांची संख्या घटेल आणि योजनेतून मिळणारी रक्कमही घटेल. कोणत्याही व्यवसायाच्या ताळेबंदात हे नुकसान ठरले असते. धर्मादाय संस्थेने ते आनंदाने सोसावे, यासाठीच तिच्या संस्थापकांनी तिला नफ्याच्या बंधनातून मुक्त ठेवले आहे. देणगीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर हे.

आपल्याकडून अपेक्षा

हितचिंतकांना आमची नम्र विनंती आहे. नवे यंत्र दिले की त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. तंत्रज्ञाच्या रात्रपाळीच्या वेतनावर, धर्मशाळेतील खोलीवर, शुद्धीकरण संयंत्राच्या पडद्यावर वा गावातील लघवी तपासणीच्या पट्ट्यांवर पाटी लागत नाही. तरीही आजची खरी निकड तेथे आहे. ज्यांना देणगी देणे शक्य नाही, त्यांनी आपल्या घरातील मधुमेही वा रक्तदाबाच्या व्यक्तीची या दोन तपासण्या यंदा झाल्या आहेत का, एवढे विचारावे. अवयवदानाचा विषय घरात एकदा बोलून ठेवावा.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने या वर्षापासून डायलिसिस विभागाच्या पत्रकात तीन नवे रकाने घातले आहेत : चुकलेल्या फेऱ्या व त्यांची कारणे, प्रत्यारोपणासाठी पाठविलेले रुग्ण, आणि गावोगावच्या तपासणीत आरंभीच्या टप्प्यात सापडलेल्या व्यक्ती. केलेल्या डायलिसिसची एकूण संख्या पूर्वीप्रमाणेच पहिल्या रकान्यात राहील. वाचकांनी मात्र प्रथम या तीन रकान्यांवर नजर टाकावी आणि तेथे काही खटकल्यास आम्हांस अवश्य जाब विचारावा, ही प्रार्थना.